प्रार्थनामंदिरातली गाय

शनिवारी पहाटे कॉलेजच्या प्रार्थनामंदिरात गाय सापडली. गाय आमच्या अध्यक्ष ऑल्डनसाहेबांचीच. पहिल्या बाकाची गादी फाडून आतला पेंढा खात होती.

पोरं दर वर्षी असले उद्योग करायचीच. खापर फुटलं गिडियन व्हिटकॉम्बवर, कारण तो गुराख्याचा मुलगा आणि जिभेचा तिखट.

"उद्या सगळ्यांसमोर उभा राहून कबूल कर, नाहीतर घरची वाट धर," साहेब सगळ्या पोरांदेखत म्हणाले.

"जे केलंच नाही ते कबूल करू? मग घरीच जातो, सर."

पदवीला तीन आठवडे उरले होते.

मी पेशन्स डोन, इथली स्वयंपाकीण. साहेबांनी दोन लाकडी खोल्यांत हे कॉलेज उभं केलं. लाकडं फोडली, लॅटिन शिकवलं, घंटा तर अजूनही रोज पहाटे स्वतःच वाजवायचे. आता सत्तरी उलटली होती, विसरभोळेपणा वाढला होता आणि त्यांना काढायला विश्वस्त टपून बसले होते.

दुपारी मंदिर झाडताना घंटेच्या दोराखाली मला दुधाची बादली दिसली. काठोकाठ भरलेली, वर साहेबांचा रुमाल झाकलेला. मी ती तशीच त्यांच्यापुढे ठेवली.

"साहेब, धार काढून थेट घंटा वाजवायला आलात. गाय बांधली होतीत का?"

त्यांनी रुमाल उचलून पाहिला. "नाही. माझ्या मागेच आली असेल. माझ्या खिशातल्या मिठाच्या खड्यासाठी येते ती."

"उद्या विश्वस्त येणारेत. गप्प बसा. सोमवारी पोराला हळूच परत बोलवा."

"त्याला चारचौघांत खोटं पाडलं, पेशन्सबाई. आणि माफी कोपऱ्यात मागू?"

माझी मलाच लाज वाटली.

रविवारी ते, कबुली द्यायला पोरं उभी राहतात त्याच जागी उभे राहिले, उघड्या डोक्याने. सगळं सांगितलं. विसरतो, हेसुद्धा. विश्वस्तांनी एकमेकांकडे पाहिलं. तेव्हाच मी समजले, साहेबांची जागा गेली.

आमच्याकडे कबुली झाली की अध्यक्ष म्हणतात, "क्षमा आहे. बस." त्याशिवाय बसायचं नाही. पण आज अध्यक्षच उभे. म्हणणार कोण? सत्तरी उलटलेला माणूस तसाच उभा. मी रागाने विश्वस्तांकडे बघत होते. एकाचंही तोंड उघडेना.

मागच्या बाकावर गिडियन उठला. घरी न्यायचं गाठोडं त्याच्या काखेतच होतं.

"क्षमा आहे, सर," तो म्हणाला. "बसा."