हर्षाच्या आठ चिठ्ठ्या
पुंडलिकरावाने तिसऱ्यांदा माझी उजळणी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मी डोक्यावरचा तणसाचा भारा त्याच्या पायाशीच टाकला.

"किती खेपा म्हनू? पोरगा निर्व्यसनी, कष्टाळू, मोठ्याईचा मान ठेवनारा."

"आन हसून म्हन ना, गोमाजी! असा म्हनतं, जसं का घरात कोनी मेलं."

त्याचंही खोटं नव्हतं. त्याचा धनंजय एकतीस वर्षांचा झालेला. सहा एकर धान, पोरगा सरळ, पण शेतकरी. चार जागी नकार झाला होता. पाचवं स्थळ तुमसरचं. रविवारी ते लोक गावात चौकशीला येणार म्हणून पुंडलिकरावाने आमच्या ओळीतल्या सात घरी बुंदीचे लाडू वाटले आणि लाडवागणिक हे एक वाक्य पाठ करून घेतलं. मारोतरावाचं घर तेवढं वगळलं. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण होऊन तीन वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं.

रविवारी मोटरसायकलवर मुलीचे मामा सेवकराम आले आणि मागच्या सीटवरून मुलगी स्वतःच उतरली. हर्षा तिचं नाव. भंडाऱ्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकणारी. चहा झाला आणि पुंडलिकरावाने मला पुढे ढकललं.

"हे गोमाजी, आमचे शेजारी. बेधडक इचारा."

हर्षा हसली. "काकाजी, तुमी दाखवलेला मानूस तुमचंच बोलनार. गावात घरं किती?"

"एकशे बारा."

"मंग आठ घरं काढू. चिठ्ठ्या टाकून."

गावाचे मोहल्ले तीन. वरच्यात छप्पन्न घरं, बोडीकाठी म्हणजे तळ्याकडेला अठ्ठावीस, टोलीतही अठ्ठावीस. तिने तीन गंज, म्हणजे पातेली, मागून घेतली. "एकाच गंजात सगळ्या टाकल्या आन आठही वरच्याच निघाल्या, तं टोलीचं मत कसं कळन? वरच्यातून चार, बाकीच्यातून दोन दोन."

दारांवरचे नंबर लिहून चिठ्ठ्या होईस्तोवर मळणीचं मशीन थांबवून अख्खा गाव आंगणात जमला. बोडीकाठचा डोमा तर हात वर करून उड्याच मारत होता.

"मले इचारा, बाई! मी सांगतो त्याचं सगळं!"

"ज्याईले बोलाची घाई, त्याईलेच इचारलं तं हिशेब चुकते, भाऊ."

मामाने डोळे मिटून पहिली चिठ्ठी काढली. माझं घर! लाडू फळला म्हणून पुंडलिकरावाने मिशीवर हात फिरवला. तिसरी चिठ्ठी उघडली आणि तो हात तिथेच राहिला. नंबर अडतीस. मारोतराव.

"हे चिठ्ठी भिजली हाये," पुंडलिकराव म्हणाला. "दुसरी काढा."

"निघाली ते निघाली, काकाजी. नको ते परत टाकत गेलो तं सोडत कायले करायची?"

मग निघाली वरात. माझ्या घरात शिरल्यावर मी हसलो, वाक्य घडाघडा म्हटलं.

"बरं," हर्षा म्हणाली. "तुमची पोरगी असती तं देल्ली असती का?"

हे उजळणीत नव्हतं. मी परत एकदा हसून घेतलं. "मले... मले दोन पोट्टेच हायेत."

बाहेर पुंडलिकरावाने कपाळ बडवलं.

टोलीतलं एक घर कुलूपबंद. मामा म्हणाले, "बाजूचं घेऊ."

"नाही मामा. दिवसभर शेतात राबनाऱ्याईचंच मत सुटन मंग."

झालं! धुऱ्याधुऱ्यावरून सारा गाव, कुत्री, दोन बकऱ्या असे शेतात. त्या घरचा गोपीचंद धानाच्या पुंजण्यावर, रचलेल्या ढिगावर, चढलेला. एवढी माणसं बघून त्याला वाटलं, काही गुन्हाच झाला. "देल्ली असती, बाप्पा!" तो वरूनच ओरडला. "पोरगी काय, जे म्हनाल ते देल्लं असतं!"

एका म्हातारीने मात्र साफ नाही सांगितलं. पोरगा लय चुप राहतो म्हणे.

शेवटी मारोतराव. धुतलेला सदरा घालून तो वाटच बघत बसला होता. पुंडलिकराव बाहेर खांबाला धरून उभा.

"बाप त्याचा एक नंबरचा खडूस," मारोतरावाने सुरुवात केली. पुंडलिकरावाने डोळे मिटले. "पन पोरगा? अवो बाई, माया पोरीसाठी, तृप्तीसाठी मी त्याच्यावरच डोळा ठेवून होतो! बापाशी बोलनं बंद, म्हनून अडलं. तुमी नाही म्हना, आज संध्याकाळीच बोलनं सुरू करतो!"

सेवकराम मामा खाटेवरून ताडकन उठले. "नाही कोन म्हनून राहिलं?"

गाव हसून हसून लोळायचा बाकी राहिला. आंगणात परतल्यावर हर्षाने वही उघडली.

"सहा हो, एक नाही. आन एकाले दोन पोट्टे."

एवढ्यात दिवसभर भिंतीला टेकून असलेला धनंजय खाकरला.

"गावभर इचारलं. मले कोनी नाही इचारलं."

"तुमचा नंबर नाही निघाला ना."

धनंजयचे कान लाल झाले. "तरी सांगतो. हो."

हर्षाने पेन उचललं, पण लिहायला तिला काही सुचेना. मान वहीत गेली.

"मायाकडून बी हो," ती पुटपुटली.

बाजूला बसलेल्या मामाला ते ऐकू आलं नाही. आंगणाबाहेर उभ्या शंभर माणसांनी मात्र बरोबर ऐकलं.