तारेवरचा रामराम

कट्ट, कडकट्ट. जळगाव जामोदच्या निवृत्तीचा हात कडूबा झोपेतही ओळखायचा. रोज सकाळी कामाआधी दोघे तारेवर एकमेकांना रामराम वाजवत. पण आत्ता तो हात घाई करत होता. कडूबाने ऐकत ऐकत मजकूर उतरवला : आई अत्यवस्थ. ताबडतोब निघ. किसनराव.

नवं राज्य झाल्यावर खामगावच्या तारघरात नागपूरशी बोलायला टेलिप्रिंटर आला होता. तालुक्यांची जुनी यंत्रं मात्र अजून कट्टकट्टच बोलत. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसे. मधे कडूबा. कानाने घ्यायचं, बोटांनी नागपूरला टंकायचं आणि मागे पोच वाजवायची. पोच मिळाली की पाठवणारा निश्चिंत.

आज कडूबाचे हात मांडीवरून उठेनात.

किसनराव! तार त्याच्या नागपूरच्या पोराला होती. गावाकडे जीप होती ती एकट्या याच्या दारात. बायको कोकिळा बाळंतपणात अडली तेव्हा कडूबाने त्याच्या ओट्यावर डोकं टेकलं होतं.

"जीप बुवांले आणाले चालली रे. देवाचा सप्ता हाये. तू बैल जुंप."

कोकिळेने वाटेत बैलगाडीतच जीव सोडला, आणि त्याच संध्याकाळी मांडवात टाळ घुमले. ज्या टाळांवर कडूबाचा जीव होता, तेच त्या दिवसापासून त्याच्या कानाला चटका देत. पुन्हा तो कीर्तनाला बसला नाही.

यंत्र परत कडकडलं. निवृत्ती पोच मागत होता.

"मांगू दे," कडूबा पुटपुटला. "म्याही मांगलं होतं."

नागपूरहून इकडे येणारी दुपारची गाडी सुटली असेल असं वाटल्यावर त्याने तार टंकली. मग पोच दिली. पलीकडून निवृत्तीने एवढंच वाजवलं : इतका उशीर?

तेरवी आटोपून किसनराव तारघरात आला. टोपी हातात.

"पोराले गाडीच नाही भेटली, कडूबा. मायच्या मुखात पानी नाही घालता आलं."

"बैल जुंपाचे, किसनराव."

म्हातारा खाली बघत राहिला. "बोल. तुहा हक हाये." मग हळूच म्हणाला, "पोराची माय, अन्नपूर्णा, मरेपर्यंत कोकिळेचंच काढे. 'माह्या हातून गाडीत गोधडी तेवढी टाकनं झालं, जीप नाही देता आली,' म्हने. डोये दारालेच लावून गेली, पोरासाठी."

गर्दीत ती गोधडी कुणी टाकली, हे कडूबाने पाहिलंच नव्हतं. रात्री अजून तो तीच पांघरायचा.

"चहा सांगू?" त्याने विचारलं. किसनराव मान हलवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबाने तारेवर रामराम वाजवला. त्या तारेनंतर निवृत्ती उत्तर देईनासा झाला होता; कडूबा एकटाच रोज वाजवत होता. बोट यंत्रावर ठेवून तो ऐकत राहिला.

जळगावहून उत्तर आलं. पोच. रामराम नाही, नुसती पोच.