खाली ठेवलेला पेला

मित्रांनो, मी एक जुना काचेचा पेला आहे. कडेचा टवका उडालाय, पण अजून गळत नाही. नळाचा आवाज आला की मात्र माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. का, ते ऐका.

भट्टीतून निघालो तो थेट शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात आलो. तिथल्या तपासनीस बाईंचा नेम होता. शहराला पाणी सोडण्याआधी त्या मला भरून स्वतः पीत. "आधी माझ्या पोटात, मग लोकांच्या," असं म्हणत. शाळेची मुलं केंद्र बघायला आली की माझं कौतुक व्हायचं आणि मी हवेत तरंगायचो.

मग एका गल्लीतला नळ जमिनीखाली फुटला आणि गटाराचं पाणी आत शिरलं. दुरुस्ती त्याच दिवशी झाली. बाई मोठ्या साहेबांना म्हणाल्या, "त्या गल्लीला आजच सांगू या, पाणी उकळून प्या म्हणून."

"कशाला उगाच बोभाटा? मिटेल आपोआप."

बाईंनी ते मानलं आणि गल्लीला काहीच कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी नऊ मुलं दवाखान्यात होती.

बातम्यांचे कॅमेरे आले. बाईंनी मला भरून ओठांशी नेलं, एवढ्यात कोणीतरी विचारलं, "तीन दिवस लपवलंत का?" मला टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "चुकलं आमचं." मग मला पुन्हा उचलून त्यांनी तळापर्यंत पाणी पिऊन टाकलं. टीव्हीवर दिसलं ते फक्त मला खाली ठेवणं. दिवसभर तेवढंच, आणि खाली ठळक अक्षरं : 'तपासणारेच पाणी पीत नाहीत.' मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

लोक जुन्या विहिरीकडे वळले. तिचं पाणी बाईंनी तपासलं, तर ते खरंच दूषित निघालं. त्यांनी तिथे सूचना लावली, लोकांनी ती फाडली. दोन घरांत पुन्हा जुलाब सुरू झाले. आम्ही खरं सांगत होतो आणि कोणी ऐकत नव्हतं.

शेवटी बाई रोज सकाळी मला घेऊन फाटकाबाहेरच्या नळापाशी बसू लागल्या. शेजारच्या फळ्यावर त्या दिवसाचा निकाल, चांगला असो वा वाईट. आठ दिवस कोणी फिरकलं नाही. नवव्या दिवशी विहिरीकडे निघालेली एक आई बादली घेऊन थांबली. तिची धाकटी नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती.

"प्या बघू," ती म्हणाली. बाई प्यायल्या.

"आता इथेच बसा. मी बघतेय."

अर्धा तास ती बाईंच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मग तिने बादली नळाखाली धरली.

मित्रांनो, वाईट बातमी त्याच दिवशी सांगत जा. आणि दाखवायचंच असेल, तर पेला पुन्हा उचललेलाही दाखवा. ती आई अजून रोज येते आणि अजून बाईंनाच आधी प्यायला लावते. हल्ली पाचच मिनिटं थांबते. ती पाच मिनिटं मला फार जड जातात.