सात नंबरची पिशवी

रामहरीने सात नंबरच्या पिशवीची गाठ दातांनी सोडली. नाडीला उंबराचा चीक लागला होता, तो जिभेला चिकटला. त्याने थुंकून दोन बोटांनी पिशवीचं तोंड फाकवलं. आत खोडाला लगडलेली, बोराएवढी हिरवी फळं होती. त्याची बायको विजयमाला शेळ्यांना पाणी दाखवायला हौदाकडे गेली होती. ती माघारी यायच्या आत तो छपरापाशी येऊन दावं वळत बसला.

त्या उंबराला अशा बारा पिशव्या होत्या. पांढऱ्या मलमलीच्या, प्रत्येकीवर काळ्या शाईने आकडा. शेवगावच्या कॉलेजातली स्नेहल उंबरातल्या किड्यांचा अभ्यास करत होती. पिशव्या तिने आणल्या, पण बांधल्या विजयमालाने.

"किडे आत शिरले नाहीत तर फळ टिकतं का गळतं, ते बघायचंय, काकू," स्नेहल म्हणाली होती. "एकही किडा आत जाता कामा नये. सगळं तुमच्या गाठीवर आहे."

खरं तर स्नेहलने आधी रामहरीलाच विचारलं होतं. झाड त्याच्या बांधावरचं.

"उंबरात किडं असत्यातच. त्यात काय शिकायचंय?" असं म्हणून तो पाथर्डीच्या जीपमध्ये बसला. संध्याकाळी परत आला तर बायको झाडाखाली मांडीवर स्नेहलने दिलेली नोंदींची वही घेऊन बसलेली. पलीकडच्या वस्तीवरच्या साक्षरता वर्गात ती पंचावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकली, तेव्हा त्याने हसून सोडून दिलं होतं. त्या अक्षरांचा असा उपयोग होईल हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

तीस वर्षं दोघांनी मिळून ऊस तोडला. मुकादमाच्या यादीत नवराबायको मिळून एक कोयता, आणि तो कोयता रामहरीच्या नावाचा. तिला कुणी वेगळं विचारलं नाही, तिनेही कधी वेगळं काही मागितलं नाही. आता पहाटे उठली की ती चुलीकडे न जाता झाडाकडे जायची. चहा त्यालाच टाकावा लागायचा. फोन आला की ती अंगणाच्या टोकाला जाऊन बोलायची, आणि त्या बोलण्यात त्याला माहीत नसलेले शब्द असायचे.

मागच्या खेपेला स्नेहलने एक पिकलं उंबर चिरून तळहातावर दाखवलं होतं.

"हे बघा काकू, हा नर. ह्याला पंख नसतात. हा आतून भोक पाडतो, मग माद्या त्यातून उडून दुसऱ्या झाडाला जातात. हा आतच मरतो."

"आगं बया! बाहेरचं ऊन बी बघत न्हाई?"

"नाही."

विजयमाला पदर तोंडाला लावून हसली. बराच वेळ हसली. रामहरी चार हात लांब उभा होता. आपल्या सांगण्यावर ती अशी कधी हसली, ते तो आठवत राहिला, आणि त्याला आठवलं नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याने गाठ सोडली. आत चिलटं शिरतील, मग ती पोरगीच म्हणेल, काकू, तुम्हाला जमत नाही. वही शेवगावला जाईल. सकाळचा चहा पहिल्यासारखा होईल. दिवस मावळायला त्याने गाठ परत बांधली, आणि ती तिच्या गाठीसारखीच बसली याचा त्याला थोडा आनंदही झाला.

महिनाभराने स्नेहल आली. तिने एकेक पिशवी उतरवली. पहिलीत फळं सुकून तळाला पडलेली. दुसरीत तेच. तिसरी, चौथी, पाचवी, सहावीही तशीच.

"झकास, काकू," ती म्हणत होती. विजयमाला प्रत्येक पिशवीला मान हलवून वहीत लिहीत होती.

सातवी पिशवी स्नेहलने उतरवली नाही. तिने ती नुसती उन्हाकडे धरली. आतल्या कापडावर बारीक काळे ठिपके सरकत होते. फळं टपोरी झाली होती, त्यांना लाली चढली होती.

"यात किडे गेलेत," ती म्हणाली.

तिने विजयमालाकडे पाहिलं.

"काकू, गाठ सैल राहिली असेल का?"

"वहीत बघ," विजयमाला एवढंच म्हणाली.

"वहीत बघेनच. पण एक गाठ सैल म्हटल्यावर कॉलेजातले माझे सर बाकीच्या अकरांवरही विश्वास ठेवणार नाहीत. हे झाड सोडून द्या म्हणतील. पुढच्या बहराला मग दुसरं झाड, दुसरं माणूस..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

शेजारी दावं घेऊन बसलेला रामहरी हेच ऐकायला महिनाभर थांबला होता. त्याने बायकोकडे पाहिलं. ती सात नंबरची नाडी बोटांत धरून तिची गाठ चाचपत होती. ऊस तोडताना मोळी सुटली की ती अशीच मोळी बांधायचं वाढं हातात धरून बघायची. आणि तिची मोळी तीस वर्षांत दोनदाच सुटली होती.

"तिची गाठ सैल नव्हती," तो म्हणाला.

स्नेहल वळली.

"म्या सोडली. सकाळी सोडली आन दिवस मावळायला बांदली."

"काका? का?"

त्याने हातातलं दावं उलगडलं, पुन्हा गुंडाळलं. "सोडली," तो म्हणाला.

स्नेहलच्या कपाळावर आठी आली. मग ती एकदम सरळ झाली. "तारीख आठवते? नक्की तारीख कळली तर चालेल. उलट बरंच आहे. एक दिवस उघडी राहिली त्याच पिशवीतली फळं टिकली, हे तर दिसतंच आहे. तारीख सांगा फक्त."

"तारीख काय मला ठावं?"

"वहीत बघ," विजयमाला पुन्हा म्हणाली. या वेळी तिने वही पुढे केली.

स्नेहलने मागची पानं चाळली. एका पानावर तिचं बोट थांबलं. ती मोठ्याने वाचू लागली.

"'एकवीस तारीख. झाडावर कोण आले. दोन साळुंक्या, मुंगळे, एक खार, रामहरी. सात नंबरची गाठ सोडली. संध्याकाळी बांधली.'"

विजयमालाने पदर कपाळावर ओढून घेतला. बेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं ते नाव तिने कधी उच्चारलं नव्हतं. देवळात नाही, दवाखान्यातही नाही. दुसऱ्याच्या तोंडून आपलंच लिहिलेलं ऐकताना तिचे कान तापले.

"तुला दिसलं हुतं?" रामहरी म्हणाला.

"हौदावरनं समदं दिसतंय."

"मंग बोलली न्हाईस?"

"लिवलं की."

स्नेहल अजून पानं उलटत होती. पुढची, मग मागची, मग पार पहिल्या पानापर्यंत. ती हसू दाबत होती.

"काकू, हे रोजच लिहिलंय? 'बावीस तारीख. तीन हरियल, एक खार, रामहरी. तेवीस तारीख. वटवाघळाची विष्ठा, एक खार, रामहरी, लांबूनच.'"

"तूच म्हनलीस, झाडाला जो येईल त्यो लिवायचा."

रामहरी उठला. झाडाकडे दोन पावलं गेला, तिथून परत आला आणि वहीत डोकावला. त्याला वाचता येत नव्हतं, पण सही करायच्या चार अक्षरांची ओळख होती. ती चार अक्षरं पानापानावर, एकाखाली एक, तिच्या वाकड्या वळणात काढलेली दिसत होती. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं.

"माझ्या आदी ह्ये काय लिवलंय?"

"खार."

"अन हितं?"

"खारच."

"म्हंजी रोज मी खारीच्या मागं?"

विजयमालाने वही स्नेहलच्या हातातून काढून घेतली, मिटली, आणि आठ नंबरची पिशवी सोडायला उठली.

"मंग? ती तुमच्या आदी येती."