बुधवारचं जेवण

व्हर्लिनने विजेच्या स्लो कुकरचं झाकण उचललं. वाफ नाही, वास नाही. मांसाचा लालभडक तुकडा सकाळी ठेवला तसाच पडला होता, भोवती कच्ची गाजरं आणि बटाटे. वायर भिंतीत खोचलेली होती. बटण मात्र बायकोने, आर्डिसने, फिरवलंच नव्हतं.

बाहेर गाडीचं दार वाजलं. हायडी आली.

लेक नुसती जेवायला येत नव्हती. गेल्या महिन्यात आर्डिस शेगडीवर तवा ठेवून शेजारणीकडे गप्पा मारायला गेली होती, तेव्हापासून हे सुरू होतं. बाबा शाळेची बस घेऊन बाहेर, घरी आई एकटी; बुधवारी जेवता जेवता बघू आणि ठरवू, असं हायडी फोनवर म्हणाली. काय ठरवू, ते बोलली नाही. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाल्याचं मात्र दोनदा सांगून झालं.

म्हणून तर आर्डिसने हा बेत आखला होता. सकाळी सगळं भांड्यात टाकायचं, बटण फिरवायचं, संध्याकाळी जेवण तयार. लग्नापासून दर बुधवारी हेच. यात चुकायला जागाच कुठे आहे, असं ती म्हणायची. नेमकी तिथेच माशी शिंकली.

"काय हे, वास कसा नाही?" अंगावरचा बर्फ झटकत हायडीने दारातूनच विचारलं.

"माझाच गाढवपणा," व्हर्लिन घाईने म्हणाला. "झाडायला व्हॅक्यूम लावला, तेव्हा कुकर बंद केला न् परत बटण फिरवायला विसरलो."

"तू? आणि व्हॅक्यूम?"

"का, माझे हात मोडलेत?"

आर्डिस टेबलावर काटे मांडत होती. तिने भांड्यात डोकावून पाहिलं, मग नवऱ्याकडे. व्हर्लिनचा जीव टांगणीला लागला. गप्प राहा गं बाई, एवढ्या एका वेळी गप्प राहा.

"खोटं बोलतोय तो," आर्डिस म्हणाली. "बटण मीच फिरवलं नाही. दिवसभर मला वाटत होतं, फिरवलंय."

"अगं आर्डिस..."

"तू मध्ये पडू नकोस. हायडी, ते मांस टाकून दे, दिवसभर बाहेर राहिलंय. आज पॅनकेक न् अंडी. तुम्ही लहान असताना मी दमले की हेच करायचे, तेव्हा बऱ्या नाचायचात पोरी!"

तिने माप न घेता पीठ कालवलं, अंडी एका हाताने फोडली, टरफलाचा कणही पडू दिला नाही. हायडी भिंतीला टेकून बघत होती. हिला एवढंच दिसू दे, असं व्हर्लिनला वाटत राहिलं.

शेवटचा पॅनकेक ताटात पडला. आर्डिसने शेगडी बंद केली आणि बाजूला सरकली.

"बंद झाली का बघ गं."

"झाली की, आई. माझ्यासमोरच तर केलीस."

"तरी बघ. आता कुणीतरी बघायला हवं ना."

हायडीने पुढे होऊन बटण चाचपलं. "बंद आहे," ती म्हणाली, पण हात तिथून काढायला तिला जरा वेळ लागला.