चौकटीच्या कडेच्या पेशी

आमच्या कामातला एक नियम मला पाढ्यासारखा पाठ आहे. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर आखलेल्या चौकटीच्या डाव्या आणि वरच्या रेघेवरची पेशी धरायची, उजव्या आणि खालच्या रेघेवरची सोडायची. अकरा वर्षं मी डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी मोजतेय. मासा, ससा, डुक्कर, माणूस. मज्जापेशी किती, त्यांना सांभाळणाऱ्या आधारपेशी किती. प्राणी कुठला ते मोजणाऱ्याला कळू नये म्हणून काचेवर नुसता आकडा असतो. कळू नये म्हणे, डोंबल! माणसाचा पडदा मी झोपेतही ओळखेन.

माशाच्या मज्जापेशी मेल्या तर आधारपेशींतून नव्या उगवतात. आपलं नशीब एवढं कुठलं? पण मागच्या आठवड्यात माझ्या आकड्यांत माणसाच्या आधारपेशी पार माशाच्या जवळ गेल्या. म्हणजे माणसातही नव्या मज्जापेशी उगवता येतील, म्हणून सर खूश, आणि मी मूर्ख, त्याच संध्याकाळी ताईला सांगून मोकळी झाले. ताईला काचबिंदू आहे, नजर कडेकडून मिटत चाललीय. दुसऱ्या दिवशी तिनं ठरलेलं ऑपरेशन पुढे ढकललं. "तुमचंच औषध येईल ना गं आता," म्हणाली. मी तिला तेव्हाच अडवायला हवं होतं.

आज शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्याच काचा पुन्हा मोजल्या. सगळं जुळलं, फक्त माणसाच्या काचांवर आकडा घसरला. मोजताना केलेल्या माझ्या जुन्या खुणा उघडून पाहिल्या. माशाच्या चौकटी नियमाप्रमाणे होत्या. माणसाच्या चौकटींत मात्र चारही रेघांवरच्या आधारपेशी मी धरल्या होत्या. माझ्याच हातानं, मला न विचारता.

सरांना सांगितलं. ते चिडले, पण ते सोसलं. ताईच्या दारापर्यंत मात्र रेंगाळतच गेले.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ताई, आत्ताच डॉक्टरांना फोन कर. ऑपरेशनची तारीख घे."

"का गं? तुमचं ते औषध?"

"माझी मोजणी चुकली. चारही कडांच्या पेशी धरल्या मी, दोनच कडांच्या धरायच्या होत्या."

"म्हणजे माणसात कमीच आहेत?"

"कमीच आहेत. ताई, चुकलं गं माझं."

तिनं हातातला टॉवेल नीट घडी करून ठेवला.

"आठवडा गेला की गं माझा," ती म्हणाली.

मग फोन शोधायला टेबलावर हात फिरवू लागली. फोन तिच्या उजव्या कोपराशीच होता.