आपणच भिजवलेला रस्ता

हवेत फिरत राहिलेलं एक छोटं चाक. टाकीच्या पोटात मागेपुढे आदळणारं पाणी. वरच्या मजल्यावरून ‘काय झालं हो?’ विचारणारी, हातात पिळलेला टॉवेल घेतलेली बाई. रस्त्याच्या मधोमध पडलेलं एक लोकरी टोपडं.

आता सरळ सांगायचं तर, धूळ बसवायला रस्त्यावर पाणी मारणारा तो टँकर. गाडी धाकट्या दिराच्या हातात, फवाऱ्याचा दांडा शेजारी बसलेल्या वहिनींच्या. टाकी भरायच्या नळावर जो आधी परतेल त्याचा नंबर आधी, म्हणून परतताना सगळेच ड्रायव्हर सुसाट. आणि परतायचं त्याच रस्त्यानं, जो जाताना आपणच भिजवलेला.

“भाऊजी, हळू. रस्ता ओला आहे.”

“मीच केलाय ना ओला? माझ्याच पाण्याला मी घाबरू?”

“पाणी कुणाचं ते चाकांना कळत नाही. धुळीचा लगदा झालाय, साबण फासल्यासारखा. नळ काय पळून चाललाय?”

तो चिडला. निव्वळ त्यांना खिजवायला त्यानं वेग निम्म्यावर आणला. “घ्या, गोगलगाय केली.”

“गोगलगाय घरी पोचते.”

तेवढ्यात बोळातून बाबागाडी आली, मागे तिला ढकलणारी आई. त्यानं ब्रेकवर पाय रोवला. चाकं थांबली, टँकर थांबेना. टाकीत उरलेलं पाणी पुढे धावलं आणि त्यानं मागून आणखी एक धक्का दिला.

“सोड! परत दाब!” वहिनी अरेतुरेवर आल्या.

सोडला, दाबला, सोडला, दाबला. चाकांनी रस्ता धरला. बंपर बाबागाडीच्या हातभर अलीकडे थांबला. आईनं ती एका बाजूला कलती करून मागे खेचली होती; टोपडं खाली पडलं, बाळ आत सुखरूप होतं.

तो उतरला. घसरलेल्या चाकांनी लगदा लांबपर्यंत पुसून काढला होता. मघाचा वेग असता तर थांबायला याच्या चौपट रस्ता लागला असता. तेवढा रस्ता तिथे नव्हता. तिथे बाबागाडी होती. पुढचा हिशोब त्यानं केला नाही.

“वहिनी, आजपासून वेग तुम्ही सांगायचा.”

“नेहमीच सांगते. ऐकायचं तुम्ही.”

नळावर ते सगळ्यांत शेवटी पोचले.

“काय रे, झोप लागली होती का?” पुढचा ड्रायव्हर हसला.

“नाही बाबा,” तो म्हणाला, “वहिनी होत्या.” समोरच्याला काही कळलं नाही. वहिनींनी तोंड फिरवून डोळे पुसले.

त्या सकाळी फवाऱ्यावर खरं तर दुसऱ्याची पाळी होती. तो आला नाही, म्हणून वहिनी त्याच्या जागी आल्या होत्या.